दिवसभर उभं राहून काम करतो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते, पावसात बोटांमध्ये चिखल्या होतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कळंगुटला हॉटेलच्या किचनमध्ये 10 तास उभे असता, सकाळी उठल्यावर पहिल्या चार-पाच पावलांना टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते आणि जरा चाललं की कमी होते. वाचून मला माझीच दोन वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. मी म्हापशात कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, 16 वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेव्हा हे भोगलेल्या माणसाचं बोलणं समजा.

मी आधी काय केलं? बाम चोळला, पाय गरम पाण्यात ठेवले, रविवारी दिवसभर पडून राहिले. सोमवारी सकाळी दुखणं दुप्पट. शेवटी हाडांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी टाचेखाली आतल्या अंगाला अंगठ्याने दाबलं आणि मी किंचाळले. म्हणाले, प्लांटर फॅसिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा असतो, पावलाची कमान तोच धरून ठेवतो. रात्री तो आखडतो आणि उठल्यावर अंगाचा सगळा भार एकदम त्याच्यावर येतो. एक्स-रेत टाचेला हाडाचा काटा दिसला तरी घाबरू नका. तसा काटा काहीच न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांनाही असतो.

मला नवल वाटलं ते पुढचं. त्यांनी व्यायाम दिला तो मुख्यतः पोटरीचा. पोटरी आखडलेली असली की टाच वर ओढली जाते आणि तळव्यावरचा ताण वाढतो. भिंतीला हात टेकायचे, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट. 30 आकडे मोजायचे. असं तीनदा, मग गुडघा किंचित वाकवून तीनदा. आणि सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पाय मांडीवर घेऊन बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरायची, 10 आकडे, 10 वेळा. हे मात्र चुकवायचं नाही. संध्याकाळी फ्रिजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तळव्याखाली 10 मिनिटं फिरवायची. पहिले तीन आठवडे मला ढिम्म फरक पडला नाही, खरं सांगते. पूर्ण सुटायला पाच महिने गेले.

दुसरी गोष्ट घरातली, आणि तिच्यावरून आमच्याकडे महाभारत झालं. डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितली. डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती, पायाला जरा तरी नमायची. आता सगळीकडे टाइल्स. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्मी फिरते त्या घरात चपला?" शेवटी तोडगा निघाला: बाहेर कधीच न गेलेला एक वेगळा जोड, देवघराच्या उंबऱ्याशी काढायचा. चप्पल मात्र पातळ रबरी स्लिपर नको. ती हातात घेऊन मधोमध दुमडून बघा, कागदासारखी दुमडली तर दुकानदाराला परत द्या. आणि बूट-चपला संध्याकाळी विकत घ्या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. सकाळी बरोब्बर बसलेला जोड रात्री चावतो.

चिखल्यांचं कारण साधं आहे, ओल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काहीच वाळत नाही, त्यात तुमच्या किचनची ओली फरशी. बुटांचे दोन जोड ठेवून आलटून पालटून घाला, ओल्या जोडात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपून कोरड्या करा, तिथे तेल किंवा क्रीम लावू नका. खाज असली, कातडी पांढरी पडून सोलत असली तर बहुधा बुरशी. क्लोट्रिमॅझोलची साधी ट्यूब चालते, पण बरं वाटल्यावरही दोन आठवडे लावा. फार्मसीत "लगेच आराम पडेल" म्हणून देतात त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज थांबते, बुरशी पसरत राहते. चिरलेल्या पायाने शेतात किंवा तुंबलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) तिथूनच शिरतो.

टाचेच्या भेगांना मी कोकमतेल लावते, जुनी माणसं भिरंडेल म्हणतात ते. थंडीत दगडासारखं घट्ट असतं, चमच्यात घेऊन जरा कोमट करावं लागतं. रात्री लावून मोजे घालायचे. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र घरगुती प्रयोग बंद.

घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांचे नियम वेगळे. सासूबाईंना आहे. त्यांच्या तळव्याला टाचणी टोचलेलीही कळत नाही, म्हणून रोज रात्री मी आरसा धरून त्यांचे तळवे बघते. गरम पाण्याचा शेक नाही, कुरुपाला ब्लेड नाही, कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टीही नाही, त्यातल्या आम्लाने जखम होते. नखं सरळ कापायची, कोपरे खोल काढायचे नाहीत.

तुम्हाला बसल्या-पडल्याही दुखत असेल, मुंग्या येत असतील, टाच लाल-गरम झाली असेल किंवा एकच पोटरी सुजली असेल तर व्यायाम करत बसू नका, डॉक्टरला दाखवा. पोटरीच्या सुजेला तर त्याच दिवशी.

कामावर एक पाय बुटक्या पाटावर, थोड्या वेळाने दुसरा, असं करून बघा. जाड रबरी मॅट मागा, किचनमध्ये न घसरणारीच. आमच्या मालकांना बसायला स्टूल मागितलं तर म्हणाले, बसलेली बाई गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही. मग मीच घरून मॅटचा तुकडा नेला. आता त्यावर कोण उभं राहणार यावरून आम्हा तिघींत रोज भांडण असतं.