आठवी-नववीला अर्डुइनो (प्रोग्राम चढवून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) शिकवायचा आहे. सगळं सिम्युलेटरवरच, म्हणजे संगणकावरच्या आभासी सर्किटवरच, घेतलं तर चालणार नाही का?

अटल टिंकरिंग लॅबचे (सरकारी योजनेतल्या शाळेच्या प्रयोगशाळेचे) दहा अर्डुइनो उनो बोर्ड, चाळीस मुलं आणि ३५ मिनिटांचा तास, असं तुम्ही लिहिलं आहे. एवढ्यात भागतं. सिम्युलेटर वापरा, पण घरच्या तयारीपुरता. टिंकरकॅड या सिम्युलेटरमधली वायर कधी सैल होत नाही. प्रोग्राम बरोबर असूनही यंत्र ऐकत नाही तेव्हा शोध कुठून सुरू करायचा, हे शिकायला खरा बोर्डच लागतो.

एका बोर्डामागे दोनच मुलं बसवा, तिसरा नुसता बघ्या होतो. वीस जण बोर्डावर असताना उरलेले वीस वहीत सर्किट काढून 'काय होईल' ते लिहितील, पुढच्या तासाला अदलाबदल. प्रत्येक जोडीला ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी), ५ मिमीचा लाल एलईडी, करंट आवरायला २२० ओहमचा रेझिस्टर, टॅक्ट बटण (छोटं दाबायचं बटण) आणि जंपर वायरी द्या. एलईडी आणि वायरी दुप्पट आणून ठेवा. वर्गात व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायला निदान एक मल्टिमीटर हवाच. रोबो गाडीचं किट तूर्त कपाटातच राहू द्या. चाकं बसवण्यात तास जातो आणि कोड मुलं कुठून तरी आणून चिकटवतात.

मुलं यायच्या आधी प्रत्येक बोर्डावर 'ब्लिंक' (एलईडी लुकलुकवणारा तयार प्रोग्राम) चढवून बघा. संगणकात बोर्डाचा पोर्टच दिसत नसेल तर पहिला संशय केबलवर घ्या, कारण मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात. केबल ठीक असेल तर संगणकात सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर टाका, स्वस्त बोर्डांवर बहुधा तीच चिप असते. पोर्ट दिसतो पण प्रोग्राम चढवताना 'नॉट इन सिंक' अशी चूक येते, तेव्हा पिन ० आणि १ मध्ये काही खोचलंय का आणि मेनूत बोर्ड बरोबर निवडलाय का ते बघा.

एलईडीचं गणित फळ्यावर करून घ्या. ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे साधारण २ गेले, उरलेल्या ३ ला २२० ने भागलं की १३-१४ मिलिअँपिअर. पिनमधून २० पर्यंत घ्यावेत, ४० ही शेवटची मर्यादा. रेझिस्टर न लावताही एलईडी पेटतो, बऱ्याचदा लगेच जळतही नाही, त्यामुळे मुलांना 'चालतं की!' असं वाटतं. ताण मात्र पिनवर येत असतो. पाच पट्ट्यांच्या निळ्या रेझिस्टरवर रंग वाचत बसू नका, सरळ मोजा. लांब ब्रेडबोर्डची कडेची पट्टी कधी कधी मध्येच तुटक असते, तेही मल्टिमीटरच्या बीपवर मुलांनाच शोधू द्या.

माझ्या मते सगळ्यात कसदार धडा बटणाचा, त्याला दोन-तीन तास खुशाल द्या. काम एकच सांगा: बटण किती वेळा दाबलं ते मोजून सीरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत) दाखवा. बटणाला चार पाय असतात, त्यांतले दोन-दोन आतून जोडलेले. बटण ९० अंशांनी फिरलं तर ते कायम दाबल्यासारखंच वागतं, म्हणून समोरासमोरच्या तिरप्या पायांना वायरी लावायच्या. एक पाय पिन २ ला, दुसरा ग्राउंडला. आधी पिन २ वर जे वाचलं जातं तेच दाखवा आणि पिनचा प्रकार मुद्दाम साधा 'इनपुट' ठेवा. आकडे वेडेवाकडे येतील, नुसता हात वायरीजवळ नेला तरी बदलतील, कारण बटण सोडलेलं असताना पिन कशालाच जोडलेला नसतो, अधांतरी असतो. मग 'इनपुट_पुलअप' करा, म्हणजे बोर्ड आतूनच रेझिस्टरमधून पिन ५ व्होल्टकडे ओढून ठेवतो. आता आकडे स्थिर, पण उलटे: दाबलं की ०, सोडलं की १.

पुढे मोजणी सुरू केली की एका दाबण्यात ती शेकड्यांनी उडते. हा दोष प्रोग्रामचा आहे. लूप (प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) झपाट्याने फिरतो आणि बोट बटणावर असेपर्यंत प्रत्येक फेरीत एक वाढवतो. मागची स्थिती साठवून १ वरून ० झालं तरच मोजा. एवढं करूनही मधूनच एकाचे दोन-तीन होतात. इथे प्रोग्राम नाही, धातूच्या पट्ट्या दोषी: त्या टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. बदल दिसला की ३०-५० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचायचं. लक्षण तेच, कारण वेगळं. सिम्युलेटरवरचं बटण आदर्श असेल तर त्यात हा दुसरा दोष येतच नाही.

परीक्षा घ्यायची तर सर्किट जोडायला सांगू नका. जोडलेल्या सर्किटमध्ये तुम्ही एकच बिघाड करून ठेवा: एलईडी उलटा, ग्राउंडची वायर एक ओळ बाजूला, कोडमध्ये पिनचा नंबर चुकीचा. हात लावण्याआधी अंदाज आणि तो तपासायची पद्धत लिहायची. अंदाज चुकला तरी तपासणी पटण्याजोगी असेल तर गुण द्या.

मोटार आणि सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी मोटार) यानंतर. डीसी मोटार थेट पिनला कधीही नाही, मध्ये मोटार ड्रायव्हर (मोटारीला लागणारा करंट पुरवणारं सर्किट) हवा. सर्वो अडकला की भरपूर करंट ओढतो, व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होतो आणि मुलं कोड तपासत बसतात. सर्वोला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या आणि दोन्हीकडचे ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका.