स्ट्राइडला रुंदी म्हणू नका, सरी म्हणा

प्रश्न आलाय : व्हिडिओच्या फ्रेमसाठी सी भाषेत मेमरी घेताना ‘स्ट्राइड’ ठरवावा लागतो, म्हणजे मेमरीत चित्राच्या एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर. त्याला मराठीत रुंदी म्हणावं की ढांग? आणि ‘बफर’ला, म्हणजे फ्रेमसाठी राखलेल्या त्या मेमरीला, काय म्हणावं?

रुंदी तर मुळीच नको. कोल्हापुरात पोरांच्या तोंडून हे ऐकून ऐकून कान किटले. शब्द चुकला की प्रोग्रॅमही चुकतो. १३६६ पिक्सेल रुंदीचं, ७६८ ओळींचं चित्र घ्या. पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट धरले तर ओळीत ४०९८ बाइट झाले. पण प्रत्येक ओळ मेमरीत ६४ च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू झाली की प्रोसेसरचं काम सोपं होतं, म्हणून ओळीमागे ४१६० बाइट राखतात. शेवटचे ६२ मोकळे. हा ४१६० म्हणजे स्ट्राइड. डोक्यात ‘रुंदी’ बसलेला पोरगा ४०९८ नं पुढं जातो, दर ओळीला ६२ बाइट मागं पडतो आणि चित्र तिरकं होतं. ६२ ला ३ नं भाग जात नाही, त्यामुळं रंगही बिघडतात. १९२० रुंदीला मात्र ५७६० बाइट होतात, ते ६४ च्या पटीतच असतात, आणि चूक महिनोन् महिने लपून राहते.

ढांग हा शब्दशः अर्थ झाला. पण ढांग चालणाऱ्यागणिक बदलते, फ्रेममधलं हे अंतर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच असतं.

आणि नेमका शब्द आपल्या रानात पडलाय! करवीर, कागल, शिरोळ, कुठंही विचारा, “सरी कितीची सोडली?” उत्तर येतं, “साडेचार फुटी.” हे माप एका सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंतचं. ऊस सरीत, दोन सऱ्यांमधला उंचवटा म्हणजे वरंबा मोकळा, पण मापात दोन्ही आले. ते ६२ बाइट म्हणजे वरंबा. इतका चपखल शब्द इंग्रजीतही नाही. तिकडं कुणी ‘पिच’ म्हणतं, आणि एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तर ‘लाइनसाइज’ ठेवलंय, ज्यानं ओळीतल्या पिक्सेलांचेच बाइट असावेत असा समज होतो.

आता खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. संस्कृत ‘सृ’ म्हणजे जाणं, सरकणं, वाहणं. त्यातून सरिता, त्यातून ‘सरणि’ म्हणजे वाट आणि ओळसुद्धा. त्यातूनच ‘सारणी’ : आधी पाण्याचा पाट, आणि ज्योतिषात आकड्यांचा तक्ता. पाण्याचा पाट आणि आकड्यांच्या ओळी एकाच शब्दात! माझ्या मते आपली सरी याच घरची, आणि ‘जरा पुढं सर की’ मधलं सरणंही. म्हणजे पुढच्या ओळीवर जायला किती सरायचं ते सांगणारी ती सरी. ढांगेतली चाल यातही आहेच.

माझे एक प्राध्यापक स्नेही सांगतात की शेतातली सरी गळ्यातल्या सोन्याच्या सरीवरून आली. मला हे साफ अमान्य आहे. पाण्याला वाट काढणारा शेतकरी तिचं नाव सोनाराकडून कशाला आणेल? वह्या बाजूला ठेवून त्यांनी एकदा दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, रानात यावं.

मेमरी किती लागेल? सरी गुणिले ओळी. ४१६० गुणिले ७६८, म्हणजे ३१,९४,८८० बाइट. सी ११ या सी भाषेच्या आवृत्तीत मेमरी मागायचं अलाइन्ड_अ‍ॅलॉक हे फंक्शन आहे, त्याला पत्ता ६४ च्या पटीत हवा असं सांगितलं तर मागितलेला आकारही ६४ च्या पटीत लागतो. सरीच पटीत असली की तो आपोआप बसतो. काही बिटमॅप, म्हणजे पिक्सेलांनी साठवलेली चित्रं, खालून वर साठवलेले असतात, तिथं स्ट्राइड उणे येतो. खालच्या सरीपासून बांधाकडं मोजत आलात की झालं. रुंदी कधी उणे असते का?

बफरला बफरच म्हणा.