सिग्नल प्रोसेसिंग घेऊ की डीप लर्निंग?

तुझं पत्र नीट वाचलं. इलेक्ट्रॉनिक्सचं तिसरं वर्ष, मोटरवर ॲक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) चिकटवून बेअरिंग खराब आहे का ते ओळखायचा प्रोजेक्ट, मॉडेल स्वतःच्या मोटरवर मस्त चालतं आणि दुसऱ्या मोटरवर साफ आपटतं, आणि आता शेवटच्या वर्षाला इलेक्टिव्ह कुठला घेऊ हा प्रश्न, कारण सगळे मित्र म्हणतायत की फिल्टर-बिल्टर जुनं झालं, डीप लर्निंग घे. मी सांगते सिग्नल प्रोसेसिंग घे, म्हणजे सेन्सरच्या रीडिंगमधून कामाची माहिती वेगळी काढण्याचा विषय. का, ते तुझ्याच डेटावरून दाखवते.

तू लिहिलंयस की सेकंदाला १०० रीडिंग घेतोस, आणि ग्राफ साधारण दर पाच सेकंदांनी हळूच वर-खाली होतो म्हणून तो सेन्सरचा ड्रिफ्ट (रीडिंग आपोआप हळूहळू सरकणं) समजून हाय-पास फिल्टरने, म्हणजे हळू बदल गाळून जलद बदल ठेवणाऱ्या फिल्टरने, काढून टाकलास. इथे जरा थांब. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या मोटरच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या भागात) त्याच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झचं कंपन असतंच. वीज काही कायम काटेकोर ५० वर नसते, समजा ४९.९ आहे, तर कंपन झालं ९९.८, आणि १०० च्या सॅम्पलिंगमध्ये ते दुमडून दिसतं ०.२ हर्ट्झवर, म्हणजे बरोबर पाच सेकंदांची एक लाट! तुझा ड्रिफ्ट हा ड्रिफ्ट नसून एलियासिंग, म्हणजे सॅम्पलिंग कमी पडल्याने जलद कंपन खोट्या हळू लाटेसारखं दिसणं, असावं अशी मला दाट शंका आहे. तपासणं सोपं आहे, सॅम्पलिंग १०० चं ११० कर, खरा ड्रिफ्ट असेल तर लाट तशीच राहील, एलियासिंग असेल तर ती उडी मारून १० हर्ट्झच्या आसपास जाईल. आणि एकदा सॅम्पल झालं की नंतर कितीही भारी फिल्टर लाव, हे सुटत नाही, त्याला एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या सर्किटच्या) आधीच ॲनालॉग फिल्टर लागतो आणि सॅम्पलिंगही भरपूर वाढवावं लागतं, बेअरिंगच्या ठोक्यांनी उठणारं कंपन तर बऱ्याचदा हजारो हर्ट्झमध्ये असतं.

दुसरं म्हणजे तू लावलेला मीडियन फिल्टर, म्हणजे आसपासच्या रीडिंगमधलं मधलं मूल्य घेणारा. लूज वायरमुळे मध्येच एखादं वेडंवाकडं रीडिंग येत असेल तर मीडियन उत्तमच, ॲव्हरेज त्या एका रीडिंगने हलतं, मीडियन सहसा हलत नाही. पण अरे, बेअरिंगला तडा गेला की सिग्नलमध्ये दिसतात तेही छोटे टोकदार ठोकेच ना! ग्राफ स्वच्छ दिसावा म्हणून तू बहुतेक तेच पुसून टाकलेस. म्हणून नॉईज काढण्याआधी तो कुठून येतोय हे माहीत हवं, मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. बेअरिंगसाठी एन्व्हलप ॲनालिसिस वाच, वरच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा वेगळा काढायचा, त्याचा एन्व्हलप (लाटांच्या उंचीची बाह्यरेषा) घ्यायचा आणि मग त्याचा एफएफटी (कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढायची पद्धत), ठोके दर सेकंदाला किती पडतायत ते तिथे दिसतं.

मॉडेल आपटण्याचं अजून एक कारण असू शकतं. एकाच रेकॉर्डिंगचे एकमेकांवर चढणारे तुकडे ट्रेनिंगलाही आणि टेस्टलाही गेले असतील तर मॉडेलने ती मोटरच पाठ केली. पुढच्या वेळी आख्खी एक मोटर टेस्टसाठी बाजूला ठेव.

आता करिअरचं. डीप लर्निंग नको असं मी म्हणत नाहीये, ते लागणारच आहे, पण त्याचे कोर्स आणि कोड घरबसल्या मिळतात, आणि फूरिये (सिग्नल फ्रिक्वेन्सींमध्ये फोडणं), रँडम प्रोसेस (नॉईजसारख्या बेभरवशाच्या सिग्नलचं गणित), कालमन फिल्टर (नॉईज असलेल्या रीडिंगमधून खऱ्या स्थितीचा अंदाज काढणारा) हे गणित एकट्याने रेटणं फार जड जातं, शिकवणारं कोणी समोर असेल तर त्याचा फायदा घे. यातलं बरंचसं १९६० च्या दशकातलं आहे हे खरं, कालमनचा पेपर १९६० चा, कूली आणि टुकी यांचा एफएफटी १९६५ चा, पण अपोलो यानाच्या नेव्हिगेशनला वापरलेला कालमन फिल्टर आज ड्रोनमध्येही चालतो. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजताना चालण्याच्या तालाने फसतं, तो गोंधळ सोडवणारी माणसं लागतातच. फक्त नोकरी शोधताना सिग्नल प्रोसेसिंग इंजिनिअर एवढंच टाकू नकोस, जागा कमी दिसतील आणि उगाच घाबरशील, अल्गोरिदम इंजिनिअर, सेन्सर फ्युजन, कंडिशन मॉनिटरिंग, एम्बेडेड असंही शोध. पायथनसोबत सी पक्कं कर, कारण शेवटी हे सगळं छोट्या चिपवर बसवावं लागतं, आणि तिथे पुढचा डेटा आधी बघता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर मागे-पुढे दोन्हीकडून चालवलेला फिल्टर तिथे तसाच चालत नाही.

आजच एक कर. मोटर बंद ठेवून सेन्सरचं एक मोठं रेकॉर्डिंग घे, त्याचा व्हेरियन्स (रीडिंग किती पसरतात) आणि स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती कंपन) काढ, मग मोटर चालू करून तेच परत कर आणि दोन्ही ग्राफ शेजारी ठेव. मला पाठवशील तेव्हा फिल्टर न लावलेली फाईल पाठव आणि सॅम्पलिंग रेट आठवणीने लिही.