तिरामिसूचा डबा मांडीवर

गेल्या दोन महिन्यांची पत्रं एकत्र काढली आणि लक्षात आलं, की जो तो कुठल्या ना कुठल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, निघालाय. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला गोड आलंय, आणि तेही इटालियन. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवले आहेत. त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात येतील.

प्रश्न : ताई, ऑफिसच्या पॉटलकसाठी चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या चिठ्ठीत ‘इटालियन डेझर्ट’ निघालं. माणसं वीस. तिरामिसू, पन्ना कोता, कॅनोली, जेलातो... वाचून वाचून डोकं फिरलंय. नेमकं काय नेऊ?
– चिठ्ठीने फसलेली

उत्तर : पाककृती मिटून ठेवा आणि आधी तीन गोष्टी विचारा. घरातून निघाल्यापासून पदार्थ ताटात पडेपर्यंत किती वेळ जाणार? तिथे फ्रिज आहे का? आणि असला तर त्यात तुमच्या ट्रेइतकी जागा आहे का? हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. मी केटरिंगच्या किचनमध्ये अकरा वर्षं काढली. हातात ट्रे आणि समोर गच्च भरलेला फ्रिज, याहून केविलवाणं दृश्य मी तिथे पाहिलं नाही.

उत्तरं मिळाली की यादी आपोआप गळते. जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, गेलं. अर्धवट गोठवलेलं सेमीफ्रेद्दो गेलं. दूध, क्रीम, अंडं घातलेला मऊ पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांवर ठेवायचा नाही, आणि उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हे घड्याळ तुमच्या घरच्या फ्रिजचं दार उघडल्यापासून चालू होतं, टेबलावर ट्रे ठेवल्यापासून नाही.

तिथे फ्रिज असेल तर डोळे मिटून तिरामिसू, म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचे थर. एका मोठ्या ट्रेमध्ये जवळजवळ सगळे भागतात, चौकोन कापून वाढता येतात, आणि तो आदल्या रात्रीच करावा लागत असल्यामुळे सकाळी धावपळ नाही.

फ्रिज नसेल तर काप्री बेटावरचा बदाम-चॉकलेटचा केक, तोर्ता काप्रेझे. यात मैदा नसतोच. कुणीतरी घालायला विसरलं आणि हा केक जन्माला आला, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, विसराळू माणसांना धीर देणारी आहे. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि २०० ग्रॅम बटर एकत्र वितळवून कोमट होऊ द्या. ५ अंड्यांचे बलक १०० ग्रॅम साखरेबरोबर फिकट होईपर्यंत फेटा. त्यात चॉकलेट आणि २५० ग्रॅम बदामाची भरड मिसळा. अंड्यांचा पांढरा भाग आणखी १०० ग्रॅम साखर घालून फेसा आणि हलक्या हाताने त्यात कालवा. २४ सेंटिमीटरच्या टिनमध्ये, १७० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. वरचा पापुद्रा तडकतो, तडकू द्या. त्यावर पिठीसाखर भुरभुरायची असतेच. लहान काप केले तर एकात पंधरासोळा माणसं होतात, वीस जणांना दोन करा. दुसऱ्या दिवशी हा केक जास्त चांगला लागतो.

प्रश्न : तिरामिसू केला. घरी फ्रिजमध्ये देखणा दिसत होता. तिथे पहिला चमचा घातला तर तळाशी कॉफीचं तळं! वर नवरा म्हणाला, ‘सूप छान झालंय.’ कुठे चुकलं?
– तळ्याकाठची

उत्तर : पुढच्या वेळी ट्रे नवऱ्याला धरायला द्या, मग विनोद सुचत नाहीत.

गुन्हेगार दोघांपैकी एक असतो, बिस्किटं किंवा क्रीम. तुमच्या बाबतीत दोघंही असावेत असा माझा संशय आहे.

सावोयार्दी, म्हणजे ती लांबट, वर साखर असलेली कोरडी बिस्किटं, पाणी अधाशासारखी पितात. पसरट ताटलीत कडक कॉफी घ्या, पूर्ण गार झालेली. गरम कॉफीत बिस्किटाचा हातातच लगदा होतो. बिस्किटाची एक बाजू कॉफीला टेकवा, ‘एक’ म्हणा. उलटा, ‘दोन’ म्हणा. उचला. पहिलं बिस्किट मधोमध मोडून बघा. बाहेरून तपकिरी आणि मधे एक फिकट, कोरडी रेघ दिसली पाहिजे. ती बघून घाबरून बिस्किट पुन्हा बुडवू नका. रात्रभरात क्रीममधला ओलावा ती रेघ पुसून टाकतो. मी शिकत होते तेव्हा आमच्या हेडशेफने माझी चाळीस बिस्किटं एकदम कचऱ्यात टाकली होती, कारण एकातही रेघ नव्हती. तेव्हा रडले होते. आता मीही तेच करते, फक्त कचऱ्यात न टाकता खाऊन टाकते.

आता क्रीम. मास्कार्पोने, म्हणजे साईसारखं मऊ इटालियन चीज, जास्त फेटलं की फुटतं. आधी रवाळ दिसायला लागतं, मग पाणी सोडतं, आणि ते पाणी तळाशी जाऊन तुमच्या तळ्यात भर घालतं. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा आणि चमच्याने नुसतं मोकळं करा. मिक्सर मास्कार्पोनेला लावूच नका.

३३ बाय २३ सेंटिमीटरच्या ट्रेला ८ बलक, १५० ग्रॅम साखर, ७५० ग्रॅम मास्कार्पोने, ३०० मिली व्हिपिंग क्रीम आणि साधारण ४५० मिली कॉफी लागते. बिस्किटं एका थराला बावीसच्या आसपास, म्हणजे दोन थरांना ४४. यात सोळा चौकोन निघतात. वीस माणसं असतील तर चौकोन जरा लहान कापा, कुणी तक्रार करत नाही. पॉटलकमध्ये कच्चं अंडं मी कधीच नेत नाही. बलक आणि साखर एका भांड्यात घ्या, ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवा (तळ पाण्याला लागता कामा नये) आणि थर्मामीटर ७१ अंश दाखवेपर्यंत हात न थांबवता फेटत राहा. हात थांबला की गोड ऑम्लेट. खाली उतरवून पूर्ण गार होऊ द्या, मग मास्कार्पोने, मग घट्ट फेटलेलं क्रीम. थर लावा, झाका, आणि निदान आठ तास फ्रिजमध्ये.

कोको घरी भुरभुरू नका. तो ओलावा ओढतो आणि पोहोचेपर्यंत वर काळे चिखलाचे डाग दिसतात. कोकोची डबी आणि लहान गाळणी पर्समध्ये टाका आणि वाढायच्या आधी तिथेच चाळा. लोक बघतात, ‘अरे वा’ म्हणतात, तो फायदा वेगळा. आणि गाडीत ट्रे सीटवर ठेवू नका, सीटला मागे उतार असतो. पायाशी सपाट जागा असेल तर तिथे, नाहीतर मांडीवर. मांडी गरम असते, म्हणून खाली जाड टॉवेल घ्या. टॉवेलशिवाय एकदा चाळीस मिनिटांचा प्रवास केला होता, ट्रेचा एक कोपरा माझ्याच उबेने ढासळला.

प्रश्न : आमच्या गटात काही जण अंडं खात नाहीत, काहींना दारू चालत नाही. मग तिरामिसू विसरायचा का? की ‘अस्सल’ राहत नाही?
– अस्सलच्या शोधात

उत्तर : दारूचं आधी. तिरामिसू वाटतो तितका जुना नाही. त्याच्या जन्माचा मान बहुतेक वेळा व्हेनेतोमधल्या ट्रेव्हिसो शहरातल्या ‘ले बेक्केरिये’ या रेस्टॉरंटला देतात, आणि तिथे तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मेन्यूवर आला. शेजारचा फ्रिउली प्रांत म्हणतो, आमच्याकडे आधीपासून होता. २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने तिरामिसूची नोंद फ्रिउलीच्या पारंपरिक पदार्थांत केली, तेव्हा व्हेनेतोवाले चांगलेच खवळले. भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. तुमच्या कामाचं एवढंच, की ट्रेव्हिसोच्या त्या मूळ कृतीत दारू नव्हतीच. व्हिपिंग क्रीमही नव्हतं, ते माझ्यासारख्यांनी ट्रे ताठ उभा राहावा म्हणून घुसवलंय. तेव्हा दारू न घालणाऱ्याने मान खाली घालायचं कारण नाही.

अंड्याचं मात्र सांभाळा. लोक क्रीममधून बलक काढतात, मोठ्या अभिमानाने ‘एगलेस’ लिहितात, आणि सावोयार्दीत अंडं असतं हे विसरतात. त्या बिस्किटांचा जीवच अंडं आहे. त्याऐवजी बिनअंड्याचा साधा स्पंज केक करा, बोटभर जाड पट्ट्या कापा आणि १५० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवून कडक करा. या पट्ट्या बुडवायच्या नाहीत, ब्रशने कॉफी लावायची. क्रीमसाठी मास्कार्पोने, पिठीसाखर आणि फेटलेलं क्रीम पुरे.

मास्कार्पोने मिळत नसेल तर घरी होतं. ३५ टक्के किंवा जास्त फॅटचं १ लिटर क्रीम मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत तापवा, २ मोठे चमचे लिंबाचा रस घाला, काही मिनिटं त्याच तापमानावर ढवळा. चमच्याच्या पाठीवर जाडसर थर बसला की उतरवा. गार झाल्यावर सुती कपड्यातून गाळत रात्रभर फ्रिजमध्ये टांगा किंवा चाळणीत ठेवा. कमी फॅटचं क्रीम घेतलंत तर सकाळी पातळच सापडेल.

प्रश्न : पन्ना कोतासाठी जिलेटिनऐवजी अगर-अगर (चायना ग्रास) घातलं तर रबर झालं. प्रमाण तेवढंच घेतलं होतं.
– रबरवाला

उत्तर : तेवढंच घेतलंत, म्हणूनच. पन्ना कोता म्हणजे घट्ट बसवलेलं गार, गोड क्रीम. अर्धा लिटर क्रीम-दुधाला जिलेटिन पावडर ५ ते ६ ग्रॅम लागते, अगर पावडर २ ग्रॅम पुरते. शिवाय दोघांचे स्वभाव उलटे. जिलेटिन आधी गार पाण्यात भिजवायचं, मग गरम क्रीममध्ये विरघळवायचं, उकळायचं नाही. अगर मात्र एक-दोन मिनिटं खळखळ उकळल्याशिवाय कामच करत नाही.

जिलेटिन आपल्या अंगाच्या उबेने वितळतं, म्हणून पन्ना कोता जिभेवर विरघळतो. अगरचा जिभेवर विरघळत नाही, तुटतो. खाण्याची मजा जिलेटिनची, पण ते प्राण्यांपासून बनतं. शाकाहारी मंडळी असतील तर अगरच घ्या आणि किंचित कमी घ्या, म्हणजे थरथरता राहील. उन्हातल्या टेबलावरही अगरच टिकतो, कारण तो साधारण ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. मी एकदा बागेतल्या जेवणाला जिलेटिनचे बारा पन्ना कोता साच्यातून काढून, ओळीने मांडून ठेवले. पाहुणे येईपर्यंत बाराचा एक झाला होता.

लहान ग्लासांतच सेट करा, उलटं करून दाखवायची हौस घरच्यासाठी ठेवा. आणि जिलेटिनवर ताजं अननस, किवी किंवा पपई नको, त्यांच्यातली एन्झाइम जिलेटिन तोडतात. शिजवलेलं अननस चालतं.

प्रश्न : कॅनोली न्यायची फार इच्छा आहे. आदल्या दिवशी भरून ठेवू का?
– हौशी

उत्तर : नको. कॅनोली म्हणजे गोड चीज भरलेल्या तळलेल्या नळ्या, आणि सिसिलीत चांगलं दुकान त्या गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर भरतं. तळलेलं कवच दोन तासांत मऊ पडतं आणि मग ते ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. हौस एवढीच असेल तर कवचं घट्ट डब्यात, रात्रभर निथळवलेलं गोड रिकोट्टा (पनीरसारखं ताजं चीज) पायपिंग बॅगमध्ये, आणि तुम्ही टेबलाशी उभे. वीस जणांचे भरेपर्यंत तुमचं स्वतःचं जेवण विसरा.

प्रश्न : मी होस्टेलवर राहते, ओव्हन नाही. फ्रिज सामायिक, त्यातलं सगळं चोरीला जातं. माझ्यासाठी काही?
– उपाशी

उत्तर : आहे ना ग. सालामे दी चोकोलातो. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० ग्रॅम बटर वितळव, ४ मोठे चमचे क्रीम घाल (जुन्या कृतीत इथे कच्चं अंडं असतं, आपल्याला नको). २०० ग्रॅम साधी गोड बिस्किटं हाताने मोड, चुरा करू नकोस, नखाएवढे तुकडे राहिले पाहिजेत. मूठभर भाजलेले बदाम किंवा हेझलनट. सगळं कालवून बेकिंग पेपरवर लांब गुंडाळी कर, टोकं चॉकलेटच्या गोळीसारखी पिळ आणि चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेव. चोरांची भीती असेल तर वर ‘औषध’ लिही. नंतर पिठीसाखरेत लोळवून दोरा गुंडाळला की हुबेहूब सालामी, म्हणजे ते मांसाचं लांबट सॉसेज. कापलं की काळ्या चॉकलेटमध्ये बिस्किटाचे फिकट ठिपके दिसतात.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. मी चिठ्ठीवर नुसतं ‘सालामे’ लिहिलं होतं. शाकाहारी लोक लांबूनच वळले आणि मांसाहारी लोकांनी ते ब्रेडवर मोहरीच्या सॉसबरोबर घेतलं. ‘चॉकलेट’ हा शब्द मोठ्या अक्षरात, आणि खाली दूध, गहू, सुकामेवा. सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला हे विचारत बसायला लागू नये.

प्रश्न : सहा तासांचा बसप्रवास करून मैत्रिणींना भेटतोय. तिकडे पोहोचून लगेच पॉटलक.
– बसवाली

उत्तर : तुस्कानीतल्या प्रातोचे कांतुच्ची. दोनदा भाजलेली बदामाची बिस्किटं, सहा तास काय, दोन आठवडे टिकतील. २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, २ अंडी, १२५ ग्रॅम सालीसकट अख्खे बदाम. लोणी-तेल काही नाही. दोन लांब लोळे करून १८० अंशांवर २५ मिनिटं, दहा मिनिटं निवू द्या, दातेरी सुरीने तिरके काप, आणि परत १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापलंत तर भुगा होईल असं काही जण सांगतात, पण माझा अनुभव उलटा आहे. गार लोळ्यातला बदाम सुरीला अडतो आणि काप फुटतो. कोमटच कापा.

प्रश्न : पदार्थ संपतो, कौतुक होतं, पण भांडं परत येत नाही. काय करावं?
– चार ट्रे गमावलेली

उत्तर : ट्रेच्या तळाला बाहेरून चिकटपट्टी, त्यावर नाव, आणि निघताना स्वतः धुऊन स्वतः उचलायचा. माझा ३३ बाय २३चा काचेचा ट्रे तीन वर्षांपूर्वी एका पॉटलकला गेला. गेल्या महिन्यात दुसऱ्याच एका पॉटलकला मला तो टेबलावर दिसला, कुणाच्या तरी लझान्याखाली. तळाला हात लावून पाहिलं, माझी चिकटपट्टी अजून होती. मी लझान्या संपायची वाट बघत शेवटपर्यंत थांबले.