पुस्तक गटात राजकीय हिंसेवरचं पुस्तक घ्यावं का? भांडणं होतात का?

होतात. आमच्याकडे झाली आणि माझ्यामुळेच झाली, म्हणून लिहितोय.

आमचा गट पुण्यातला, नऊ-दहा जणांचा, महिन्यातून एक रविवार. उत्तर आयर्लंडवरचं एक पुस्तक घेतलं होतं. १९७२च्या डिसेंबरात तिथल्या बेलफास्टमध्ये आयआरएच्या, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी दहा मुलांच्या एका विधवा आईला घरातून उचलून नेलं. वस्तीतल्या लोकांना माहीत होतं, बोललं कुणी नाही. सांगाडा सापडला २००३ साली, समुद्रकिनाऱ्यावर, तोही फिरायला आलेल्यांना योगायोगाने. एक काकू हळहळल्या, "शेजारी इतकी वर्षं गप्प कसे बसले असतील हो?"

माझं तोंड सुटलं. म्हटलं, आमचे बसले तसेच.

आमचं गाव कराडजवळ. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला, मारेकरी ब्राह्मण निघाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं पेटवली. आम्ही मराठे, आमचं घर शाबूत. पण माळ्यावर एक तांब्याचं घंगाळ आहे, त्याच्या काठावर कोरलेलं आडनाव आमचं नाही. लहानपणी दिवाळीची अंघोळ त्यातल्याच पाण्याने व्हायची. आजी घासून झालं की नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवायची. आजोबा म्हणायचे, "सांभाळायला दिलंय." ज्यांचं होतं ते पुण्याला गेले ते गेलेच. पंच्याहत्तर वर्षं कसलं सांभाळताय?

मी हे बोललो आणि समोरच्या ताई रडायलाच लागल्या. त्यांची आजी त्याच जळितात नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडलेली. गटात दोन वर्षं शेजारी बसतोय, आम्हाला पत्ता नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, जुनं उकरून जात काढू नका, आणि पुढच्या महिन्यापासून यायचेच बंद झाले. जाऊ देत. बेलफास्टवर तासभर बोलायला त्यांना काही अडचण नव्हती.

तर घ्या पुस्तक. तिकडे बेपत्ता लोकांसाठी १९९९मध्ये आयोग नेमला, त्याला दिलेली माहिती कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून काहींनी तोंड उघडलं, काही प्रेतं तरी हाती लागली. तुम्हीही आधीच ठरवून टाका, खोलीतलं खोलीत. मग बोलू द्या.

आमच्या भागात कितीतरी मराठा घरांनी ब्राह्मण शेजारी लपवले, हेही खरं. आजोबांनीही लपवले असतील, घंगाळ खरंच सांभाळायला आलं असेल. माझ्याकडे पुरावा नाही. पण माझा चुलतभाऊ म्हणतो तसं ते 'बाजारात घेतलेलं' नक्कीच नाही. बाजारात दुसऱ्याचं आडनाव कोरून विकत नाहीत.

दादा, वाचत असशील तर ज्यांचं घंगाळ त्यांच्या नातवाचा पुण्यातला पत्ता तुझ्याकडे आहे. पाठव. घंगाळ मी गाडीत घालून नेतो.