वॉकर म्हणजे ‘चालणारा’च ना?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसात इंग्लंडमधल्या लीड्स शहराचा एक वॉकर आडनावाचा सहकारी आहे, त्याचे पूर्वज पायी डाक वाटत फिरायचे म्हणून हे आडनाव पडलं असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का?

डाक नाही. पाय मात्र खरे. पहिले वॉकर एका जागी उभे राहून चालायचे, आणि तेसुद्धा शिळ्या मुतात.

माझी तीस वर्षं लोकरी कापडाच्या गिरणीत गेली, फिनिशिंग खात्यात, त्यामुळे हे आडनाव मला जवळचं वाटतं. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड दिसायला अगदीच केविलवाणं असतं. विरळ, खरखरीत, वर तेलाचा वास. उजेडात धरलं तर पलीकडचा माणूस दिसतो. ते ओलं करून, गरम करून, साबणात भरपूर मळावं लागतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. मळताना ते एकमेकांत अडकतात, कापड आकसतं, दाट होतं, वारा अडवायला लागतं. आम्ही याला मिलिंग म्हणायचो. ७२ इंच पन्ह्याचं कापड मशीनमध्ये घालायचं आणि दर थोड्या वेळाने टेप लावून बघायचं. ५८ इंचांवर आलं की थांबायचं. जरा दुर्लक्ष झालं की ठाण वाया. हे सगळं पोटापाण्यासाठी केलेल्या मीच एकदा घरी माझा स्वेटर गरम पाण्यात टाकला. तो नातवाला बसला. ‘तीस वर्षं तिथे काय शिकलात?’ हे वाक्य घरात अजून ऐकतो.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये मशीन नव्हतं, साबण महाग होता. लाकडी डोणीत कापड घालायचं, त्यावर घरोघरून गोळा केलेलं शिळं मूत्र ओतायचं (मुरलं की त्यात अमोनिया तयार होतो, तो लोकरीचं तेल सोडवतो) आणि वर एक चिकणमाती टाकायची. ही माती आपल्या ओळखीची आहे: तोंडाला लावायची मुलतानी माती, त्याच जातीची. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात तिच्या मोठ्या खाणी होत्या. मग माणसं अनवाणी डोणीत उतरून तासन्‌तास ते कापड तुडवत.

हा धंदा करणाऱ्याला उत्तरेत आणि मिडलंड्सच्या भागात म्हणायचे वॉकर. नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे, त्यालाच टकर म्हणायचे. केंट-ससेक्सपासून नॉरफकपर्यंत फुलर. आपल्याकडे कुठे परीट, कुठे धोबी, विदर्भात वरठी, तसलाच प्रकार. आडनावं कायमची चिकटली तेव्हा ज्या मुलखात जो शब्द चालत होता तोच माणसाच्या नावाला लागला. म्हणून आजही टकर भेटला की माझं पहिलं अनुमान डेव्हनचं असतं. तिथल्या एक्झिटर शहरात विणकर आणि टकर मंडळींच्या संघाची १४७१ सालची इमारत, टकर्स हॉल, अजून उभी आहे. लीड्स आणि यॉर्कशायर तर लोकरी कापडाचं माहेरघर, तेव्हा तुमचा सहकारी अगदी योग्य गावचा निघाला.

आता शब्दाची गंमत. ‘कापड तुडवताना चालायचे म्हणून वॉकर’ ही सरळ गोष्ट ऐकायला छान वाटते, पण क्रम थोडा वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ म्हणजे लोळवणं, घुसळणं, आणि कापड मळणारा तो ‘वेआल्कर’. त्या क्रियापदाला पायी चालण्याचा अर्थ मागाहून, साधारण तेराव्या शतकात पक्का झाला. धंद्याचं नाव आधीचं, ‘वॉक’चा आजचा अर्थ नंतरचा! जर्मनमध्ये ‘वाल्केन’ म्हणजे आजही लोकर मळणं, चालणं नाही.

बाराव्या शतकात पाणचक्क्या आल्या. टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांच्या जमिनींची ११८५ सालची नोंद आहे, तिच्यात अशा चक्क्या आहेत: ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरतं, चाकामुळे लाकडी हातोडे कापडावर आपटतात. माणसाचे पाय सुटले, पण नाव सुटलं नाही. अशा चक्कीलाही उत्तरेत ‘वॉक मिल’च म्हणत.

गैरसमजाला एका बाटलीचाही हातभार आहे, जॉनी वॉकर व्हिस्कीच्या. जॉन वॉकर हा स्कॉटलंडच्या किल्मार्नॉकचा किराणा दुकानदार. त्याने १८२० मध्ये दुकान टाकलं. बाटलीवरचा तो टोपीवाला, ढांगा टाकत निघालेला साहेब १९०८ मध्ये टॉम ब्राउन नावाच्या व्यंगचित्रकाराने काढला. आडनावावरची कोटी ती, पण लोकांनी ती इतिहास म्हणून घेतली.

एक सावधगिरी. ‘वॉकर घराण्याचं मूळ बोधचिन्ह’ म्हणून इंटरनेटवर ढाली आणि कॉफीचे मग विकतात. त्यावर पैसे घालवू नका म्हणावं. हा धंदा गावोगावी होता, त्यामुळे सगळ्या वॉकरांचा मूळ पुरुष एक असणं शक्यच नाही. शिवाय इंग्लंडमध्ये बोधचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. तुमच्या सहकाऱ्याला खरंच शोध घ्यायचा असेल तर गावच्या चर्चची दप्तरं बघावीत. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम १५३८ मध्ये निघाला.

आणि जाता जाता त्याला एक शब्द विचारून बघा. तुडवलेलं ओलं कापड वाकडंतिकडं आकसू नये म्हणून मोकळ्या रानात लाकडी चौकटींवर, आकड्यांना अडकवून, ताणून वाळवत. त्या चौकटीचं नाव टेंटर. लीड्सच्या वॉकरला तो ठाऊक असेल-नसेल. इचलकरंजीच्या कुठल्याही प्रोसेस हाउसमध्ये (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात) मात्र रात्रपाळीचा पोरगासुद्धा सांगेल: ‘ते होय, आमचं स्टेंटर मशीन.’