शेणावरच्या काळपट वाटीसारख्या बुरशीचं नाव सूक्ष्मदर्शकाखाली कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की गोठ्यामागच्या जुन्या शेणाच्या पोवर दोन-तीन मिलिमीटरच्या काळपट वाट्या आल्यात, फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपने तीन वेळा तीन नावं सांगितली, आणि कॉलेजातला सूक्ष्मदर्शक मिळतोय. मग ॲप सोडून द्या.

वाट्या वाळवू मात्र नका. पहिल्या पावसाळ्यात मी त्या कागदात गुंडाळून ठेवल्या, आठवड्याने बघतो तर सगळं आक्रसलेलं, काहीच धड दिसेना. शेणाचा तुकडा झाकणाच्या डब्यात ओलसर ठेवा.

आधी साध्या भिंगातून बघा. वाटीचा पृष्ठभाग पिवळसर-हिरवट आणि त्यावर काळे ठिपके वर आलेले दिसले, तर माझा पहिला अंदाज ॲस्कोबोलस, ही शेणावरच्या वाटी-बुरशीची एक प्रजाती. ते ठिपके म्हणजे पिकलेल्या बीजाणूंच्या (बुरशीच्या बियांसारख्या कणांच्या) पिशव्यांची टोकं. म्हणजे काळेपणा वाटीचा नाहीच, आतल्या बीजाणूंचा! या पिशव्या उजेडाकडे वळतात; डबा खिडकीत ठेवलात तर झाकणाच्या त्या बाजूला आतून जांभळट धूळ बसलेली सापडेल.

आता ब्लेडने वाटीचा पातळ काप घ्या, नुसत्या पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप हलकेच दाबा. प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू मोजा. कोवळे रंगहीन, मग जांभळे, म्हातारे तपकिरी, असे तिन्ही एकाच कापात दिसतात. फुटलेल्या पिशवीच्या टोकाला डब्याच्या झाकणासारखी टोपी लोंबकळत असेल. ती शोधायला वेळ द्या, कारण अर्धं वर्गीकरण तिच्यावर अडतं: लाकडावरच्या पुष्कळ काळ्या वाट्यांना अशी टोपी नसतेच.

मग तेलाची 100 पट लेन्स. बीजाणूवर लांबट भेगा, वाळलेल्या चिखलासारख्या, दिसल्या तर ॲस्कोबोलस जवळपास पक्का. आठही बीजाणू एका गाठोड्यात चिकटलेले असले तर तो त्याचा भाऊबंद, सॅकोबोलस. त्याच्या वाट्या बहुधा आणखी बारीक.

आयोडीन सगळ्यात शेवटी. मी एकदा घाईने आधीच टाकलं आणि बीजाणूंचा मूळ रंग कोणता होता, याचाच पत्ता लागेना. ल्युगोलचं द्रावण (पाण्यातलं आयोडीन) पुरतं. ॲस्कोबोलसच्या बहुतेक जातींत पिशवीची भिंत निळी होते. फक्त टोक निळं झालं आणि बीजाणू रंगहीन राहिले, तर पेझिझा या दुसऱ्या वाटी-बुरशीकडे वळा.

जातीपर्यंत जायचं तर मोजमाप हवं, आणि तेही झाकणावर आपोआप उडालेल्या बीजाणूंचं, कारण पिशवीतले अर्धवट पिकलेले असू शकतात. निदान वीस मोजा. ॲस्कोबोलस फर्फ्युरेशियसचे साधारण 20 ते 28 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असतात. 50 च्या वर गेले तर ॲस्कोबोलस इमर्सस असावा, त्याचे बीजाणू चांगलेच धिप्पाड.

फोटो टाकाल तेव्हा आयोडीनच्या आधीचा टाका, आणि शेण गाईचं की म्हशीचं तेही लिहा.